सांता फे मधलं सगळं मातकट बांधकाम खरंच प्वेब्लो लोकांची देणगी आहे का?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. नुकताच अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जाऊन आलो आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. इथे बांधकामवाले आणि इतिहासवाले दोन्ही जमातीचे लोक आहेत म्हणून विचारतो. सांता फे मध्ये जिकडे बघाल तिकडे मातकट रंग, गोलसर कोपरे, सपाट छप्पर आणि भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडाची गोल टोकं. घरांचं समजू शकतो, पण बँक तशीच, हॉटेलं तशीच, म्युझियम तसंच, गाड्या लावायची बहुमजली इमारतसुद्धा तशीच. कुणालाही विचारा, उत्तर एकच, हा प्वेब्लो लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, वारसा, हजार वर्षांपासून इथे असंच बांधतात.

मग टाओस प्वेब्लोला गेलो, म्हणजे त्यांच्या एका जुन्या गावात (गावालाही प्वेब्लोच म्हणतात). तिथली ती एकावर एक रचलेली चार-पाच मजली घरं, बाहेरून लावलेल्या शिड्या, मधून वाहणारा ओढा, हे सगळं बघितल्यावर वाटलं की अरे हे आणि ते एक कसं म्हणायचं, शहरातल्याने याचं नुसतं कातडं पांघरलंय.

तर माझा प्रश्न असा, की आज त्या भागात जे दिसतं त्यातलं मूळ प्वेब्लो काय, स्पॅनिश लोकांनी काय आणलं आणि विसाव्या शतकात टुरिस्टसाठी काय चिकटवलं? आणि खरा टिकलेला प्रभाव काही आहे का, की फक्त रंग? सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मला वाचायला वेळ आहे.

---

उंटावरचा_शहाणा

वेळ आहे म्हणालात म्हणून लांबड लावतो, नंतर तक्रार नको.

पहिली गोष्ट, प्वेब्लो म्हणजे एकच एक लोक नाहीत. आज न्यू मेक्सिकोत १९ प्वेब्लो आहेत, भाषा वेगवेगळ्या, शिवाय ॲरिझोनात होपी. त्यांचे पूर्वज सगळीकडे मातीनेच बांधायचे असंही नाही. चाको कॅन्यनमधली मोठी घरं, साधारण ८५० ते ११५० च्या काळातली, ती दगडाची आहेत, चपट्या वालुकाश्माच्या तुकड्यांची इतकी सुबक रचाई की बघत राहावं. मेसा व्हर्डेला कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, तीही दगडाचीच. पुढे लोक रिओ ग्रांदेच्या खोऱ्याकडे सरकले, तिथे मातीचं प्रमाण वाढलं. जिथे जे हाताशी ते वापरलं, साधा हिशोब.

आणि तेव्हा विटा नव्हत्याच! हे बहुतेकांना माहीत नसतं. स्पॅनिश यायच्या आधी प्वेब्लो बायका ओल्या चिखलाचे थर हाताने एकावर एक चढवत भिंत उभी करायच्या, एक थर वाळला की दुसरा. १५४० साली स्पॅनिश सरदार कोरोनाडोची मोहीम तिकडे आली, त्यातल्या एका शिपायाने लिहून ठेवलंय की बायका काटक्या आणि गवत जाळून त्यात माती-पाणी टाकून गोळे करतात आणि दगडाऐवजी ते गोळे रचतात, भिंती बायकांच्या आणि लाकूडकाम पुरुषांचं. साच्यात पाडून उन्हात वाळवलेली कच्ची वीट स्पॅनिश लोकांनी आणली, ती कला त्यांच्याकडे उत्तर आफ्रिकेच्या मूर लोकांकडून आलेली. टाओसला अंगणात दिसते ना ती घुमटासारखी भट्टी, पाव भाजायची, जिचे सगळे फोटो काढतात, तीही स्पॅनिशच. घराच्या कोपऱ्यातली गोल शेकोटीसुद्धा, जी आज दुकानदार 'किवा फायरप्लेस' म्हणून विकतात (किवा म्हणजे खरं तर प्वेब्लोंची धार्मिक विधींची खोली).

मग प्वेब्लोंचं काय उरलं? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच उरलं, म्हणजे घराचा आराखडा. सपाट धाबं, आडवे गोल वासे (त्यांना तिकडे व्हिगा म्हणतात), त्यावर बारीक काटक्यांचा थर, त्यावर गवत-पाला आणि वर मातीचा जाड थर. खोलीची रुंदी वाशाच्या लांबीवर ठरायची, म्हणून खोल्या लहान आणि लांबट, एकीला एक चिकटून. वासे दगडी कुऱ्हाडीने तोडायचे म्हणजे केवढं काम, मग एकदा आणलेला वासा कापून लहान करण्यात काही अर्थ नव्हता, टोकं बाहेर राहिली तर राहिली, आणि घर मोडलं की तोच वासा दुसऱ्या घरात. आता तीच बाहेर राहिलेली टोकं सजावट झालीयेत.

दुसरं म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची चढण. खालच्या घराचं धाबं हे वरच्या घराचं अंगण. खालच्या मजल्याला दार नाहीच, शिडीने धाब्यावर चढायचं आणि छपरातल्या भोकातून आत उतरायचं, शत्रू आला की शिडी ओढून घ्यायची. टाओसला खाली रंगीत दारं दिसतात ती नंतरची. आणि अकोमाला, तो उंच पठारावरचा प्वेब्लो, तिथे घरांच्या रांगा पूर्व-पश्चिम आहेत आणि गच्च्यांचे टप्पे दक्षिणेला तोंड करून, म्हणजे हिवाळ्यातलं खालून येणारं ऊन थेट भिंतीवर पडतं आणि उत्तरेची बाजू उंच, बंद. हे ज्यांनी ठरवलं त्यांना कुठल्या कॉलेजात जायची गरज नव्हती.

स्पॅनिश लोकांनी आराखडा घेतला आणि त्यात आपलं घातलं: वीट, लोखंडी हत्यारं, त्यामुळे जास्त लांब आणि कोरलेली तुळई, जमिनीलगत दार, मधे चौक, पुढे खांबांची ओसरी. अकोमाचं सॅन एस्तेबान चर्च, १६२९ च्या पुढे बांधलेलं, हे या मिश्रणाचं सगळ्यात जबरदस्त उदाहरण. योजना पाद्र्याची, माती-पाणी-लाकूड वर चढवलं अकोमाच्या लोकांनी, वासे माउंट टेलरच्या डोंगरावरून आणलेले असं तिथे सांगतात. मजुरी कुणी दिली वगैरे विचारू नका, ते काम खुशीचं नव्हतं. १६८० ला बहुतेक प्वेब्लोंनी मिळून उठाव केला आणि स्पॅनिश लोकांना बारा वर्षं हाकलून लावलं, त्यात बरीच चर्चेस पाडली, हे टिकलं.

विसाव्या शतकाचं दुसरं कुणीतरी लिहा, माझे हात दुखले.

---

गिलावा

वरचं उत्तर छान आहे पण एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते तीच खरी. प्वेब्लोंची देणगी म्हणजे आकार नाही, देखभाल. मातीची भिंत बांधून झाली असं कधी होतच नाही. दरवर्षी किंवा एक-दोन वर्षांआड तिला नवा गिलावा लागतो, पावसाने आणि बर्फाने जेवढं नेलं तेवढं परत द्यायचं. टाओस प्वेब्लोला आजही भिंती मातीनेच लिंपतात. जुन्या भागात वीज नाही, नळ नाही, आणि १९९२ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण तो उभा आहे तो यादीमुळे नाही, लोक चिखल कालवतात म्हणून.

आता शेजारचीच एक गोष्ट सांगतो, टाओसपासून थोड्या अंतरावर रांचोस दे टाओस नावाचं गाव आहे, तिथलं सॅन फ्रान्सिस्को चर्च. हे स्पॅनिश वस्तीचं, १८१५ च्या सुमाराला पुरं झालेलं, मागच्या बाजूचे ते गुबगुबीत मातीचे धिरे तुम्ही चित्रांत नक्की पाहिले असतील, जॉर्जिया ओकीफने रंगवलेत, ॲन्सेल ॲडम्सने फोटो काढलेत. तर १९६७ साली गावाने ठरवलं की दरवर्षीची कटकट पुरे, एकदाच सिमेंटचा गिलावा मारून टाकू. बाहेरून झकास दिसत होतं. पण सिमेंटला बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की बाहेर पडायला वाट नाही कारण सिमेंट ओल सोडत नाही. मातीचा गिलावा भिजतो आणि वाळतो, भिंत श्वास घेते म्हणा. सिमेंटच्या मागे विटा भिजून परत चिखल होत गेल्या, आणि हे कुणाला दिसलंच नाही कारण वरचं कवच तर धडधाकट! दशकभरातच हे लक्षात आलं, १९७९ ला गावकऱ्यांनी सगळं सिमेंट उकरून काढलं आणि परत माती-गवताचा गिलावा केला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळा गाव जमतो, माती चाळणं, पेंढा मिसळणं, बादल्या वर पोचवणं, म्हातारे सूचना देतात आणि पोरं चिखलात खेळतात.

रांचोसचं चर्च वाचलं. पिकुरिस प्वेब्लोच्या सॅन लोरेन्झो चर्चचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं, तिथे आतली ओल इतकी मुरली होती की १९८० च्या दशकात ते पाडावंच लागलं, मग तिथल्या लोकांनी कच्च्या विटा पाडून ते हाताने परत उभं केलं. अशी उदाहरणं तिकडे खूप झाली, त्यातूनच १९८६ मध्ये कॉर्नरस्टोन्स नावाची संस्था निघाली जी गावागावात जाऊन हे जुनं तंत्र परत शिकवते.

नाजूक जागा दोनच लक्षात ठेवा, पाया आणि छप्पर. जमिनीतली ओल केशाकर्षणाने वर चढते आणि जमिनीलगत भिंत आतून खात जाते, वीतभर खोल खोबण पडते. लोक काय करतात, भिंतीच्या कडेने सिमेंटचा पट्टा ओततात, पाणी लांब राहील म्हणून. होतं उलटं, जमिनीतली वाफ बाहेर पडायची वाट बंद होते आणि सगळी ओल भिंतीतच चढते. आणि छपराचं म्हणाल तर धाब्याला हलका उतार आणि कठड्यातून बाहेर काढलेली पन्हळ. ती पन्हळ तुंबली की संपलं, पाणी भिंतीवरूनच खाली येणार.

आणि हो, हे लिंपायचं काम प्वेब्लोंमध्ये बायकांचं होतं, पुढे स्पॅनिश गावांतही ते बायकांकडेच राहिलं. माती कुठली घ्यायची, चिकणमाती किती आणि वाळू किती, हे त्यांच्या बोटांना माहीत. चिकणमाती जास्त झाली तर वाळताना तडकते, वाळू जास्त झाली तर हाताला लागते तशी गळून पडते. मला विचाराल तर सगळ्या परंपरेत हा भाग सगळ्यात जुना आहे आणि नेमका हाच पोस्टकार्डावर दिसत नाही.

---

रेघोट्या

वा, दोघांचेही आभार. सिमेंटचं वाचून हादरलो. म्हणजे मी शहरात जे बघितलं ते सगळं सिमेंटच ना? मग त्याच्या आत माती असेल तर तीही सडत असणार? आणि शहरात सगळं एकसारखं दिसण्याची सक्ती आहे असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का?

---

कोरडवाहू

सक्ती आहे, आणि मजा अशी की सक्ती मातीची नाही, मातीसारखं दिसण्याची. मी न्यू मेक्सिकोतल्याच अल्बुकर्की शहरात काम केलंय, आर्किटेक्टच्या ऑफिसात, तर थोडं सांगतो.

आधी हे समजून घ्या की १९०० च्या आसपासचं सांता फे आजच्यासारखं दिसत नव्हतं. १८८० ला रेल्वे आली, त्याबरोबर भाजकी वीट, पत्रा, काच, आणि लोकांना अमेरिकन शहरासारखं दिसायचं होतं. विटांच्या इमारती, उतरती छपरं, नक्षीचे लाकडी कठडे. त्याच्याही आधी आर्चबिशप लामी यांनी १८६९ पासून दगडाचं फ्रेंच धाटणीचं कॅथेड्रल बांधायला घेतलं होतं, कारण त्यांना मातीची चर्चेस काही फार आवडत नव्हती. म्हणजे मातीचं घर हे तेव्हा मागासलेपणाचं लक्षण.

मग उलटं वारं वाहायला लागलं. न्यू मेक्सिको १९१२ ला राज्य झालं, पण रेल्वेचा मुख्य मार्ग सांता फे ला वगळून गेला होता, शहर मरगळलेलं, लोकसंख्या घटत होती. तेव्हा म्युझियमवाले एडगर ह्युएट, पुरातत्त्ववाले सिल्व्हेनस मॉर्ली, या मंडळींनी मांडलं की आपल्याकडे जे आहे तेच विकू, दुसऱ्या शहरांसारखं होण्यात काय हशील. १९१२ चा शहराचा आराखडा याच विचाराचा. चौकातला जुना गव्हर्नर्स पॅलेस आहे, १६१० चा म्हणतात, त्याच्या पुढची ती खांबांची ओसरी सगळे जुनी म्हणून बघतात ना, ती १९१३ ची आहे! जेसी नसबॉम यांनी आधीचा व्हिक्टोरियन कठडा काढून ती बसवली.

आयझॅक रॅप हा आर्किटेक्ट कोलोरॅडोचा. त्याने १९०८ मध्ये एका कोळसा खाणीच्या गावात कंपनीच्या दुकानाला अकोमाच्या चर्चचं रूप दिलं होतं. हो, किराणा दुकान, चर्चच्या आकाराचं! तीच कल्पना वाढवून १९१५ ला सॅन डिएगोच्या प्रदर्शनात न्यू मेक्सिकोचा मंडप झाला, लोकांना इतका आवडला की तसंच १९१७ ला सांता फे मध्ये आर्ट म्युझियम उभं राहिलं आणि मग १९२२ ला ला फोंदा हॉटेल. म्हणजे एका प्वेब्लोच्या चर्चचं रूप आधी दुकानाला, मग मंडपाला, मग म्युझियमला. प्रभाव म्हणतात तो असा फिरत फिरत आला.

अल्बुकर्कीच्या युनिव्हर्सिटीची गोष्ट अजून गमतीची. तिथले प्रेसिडेंट विल्यम टाइट यांनी १९०८ मध्ये मुख्य इमारतीचं, आताचा हॉजिन हॉल, उतरतं छप्पर काढून तिला प्वेब्लो रूप दिलं. लोक खवळले, हे कसलं मागास बांधकाम, आणि १९०९ ला त्यांना जावं लागलं (कारणं इतरही होती). पुढे १९२७ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीने ती स्टाइल अधिकृत म्हणून स्वीकारली!

त्यानंतरचा माणूस म्हणजे जॉन गॉ मीम. जन्म ब्राझीलचा, टीबी झाला म्हणून १९२० ला सांता फे च्या सॅनिटोरियममध्ये आला आणि तिथेच राहिला. युनिव्हर्सिटीची झिमरमन लायब्ररी त्याचीच. लोक त्याला नकलाकार म्हणतात, मला ते पटत नाही. जुन्या भिंती का झुकल्यात, वजन कुठे पेललंय, उजेड कुठून येतो, हे त्याने नीट बघितलेलं होतं कारण तो अकोमाच्या आणि इतर जुन्या चर्चेसच्या दुरुस्तीत होता. १९४० चं क्रिस्टो रे चर्च बघा सांता फे मधलं, खऱ्या कच्च्या विटांचं, सुमारे १,८०,००० विटा, त्याच जागेच्या मातीतून चर्चच्याच लोकांनी पाडलेल्या. हे सगळं हाताने, विसाव्या शतकात.

आणि मग १९५७ चा नियम, जुन्या भागात काय बांधता येईल त्याचा. त्या नियमावलीत अशा गोष्टी आहेत: रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूत दारं-खिडक्यांपेक्षा भिंत जास्त हवी, कोपऱ्यापासून तीन फुटांच्या आत खिडकी नको, रंग मातीचे, छप्पर सपाट. भिंत मातीची हवी किंवा मातीसारखी दिसायला हवी. या 'किंवा' ने सगळा खेळ केला. लाकडाचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर रंगीत सिमेंट, कोपरे थोडे गोल घासले की झालं सांता फे. त्यामुळे रेघोट्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर, बहुतेक नव्या इमारतींच्या आत माती नाहीच, सडणार काय? सडायला लाकूड आहे, तो वेगळा विषय. ज्या जुन्या घरांत खरंच कच्च्या विटा आहेत आणि वर सिमेंट मारलंय, तिथे गिलावा यांनी लिहिलेला धोका खरा आहे.

मी त्या नियमाच्या विरोधात नाही हां. तो नसता तर आज तिथे कुठल्याही अमेरिकन शहरासारखे काचेचे खोके असते. पण नियमाने झिजलेपण गोठवलं. जुन्या भिंतीचा कोपरा गोल असतो कारण पावसाने खाल्ला आणि हाताने परत लिंपला. नव्या भिंतीचा कोपरा गोल असतो कारण फाइलमध्ये लिहिलंय.

---

चांदणवेल

सगळं वाचलं, माहिती भरपूर आहे पण एक बाजू सुटतेय. या सगळ्या १९१२ च्या आणि १९५७ च्या बैठकांमध्ये प्वेब्लो लोक कुठे होते? त्यांच्या घरांवरून स्टाइल ठरली, हॉटेलं झाली, सांता फे मध्ये १९७५ चं एक मोठं हॉटेल आहे, इन ॲट लोरेटो, ते तर सरळ टाओस प्वेब्लोच्या आकाराचं आहे, टप्प्याटप्प्यांचं. आणि त्याच काळात प्रत्यक्ष प्वेब्लोंमध्ये काय चालू होतं? १९६० नंतर सरकारी घरबांधणी योजनेतून लोकांना कर्ज मिळायचं ते सुट्या सुट्या अमेरिकन छापाच्या घरांसाठी, प्रत्येकाला वेगळं आवार, गाडीसाठी रस्ता, मध्यवर्ती चौकापासून लांब. पैसा त्याच घरांना, त्यामुळे चौकाभोवतीची जुनी मातीची घरं रिकामी पडत गेली आणि मातीचं घर रिकामं पडलं की काही हिवाळ्यांत बसतंच. म्हणजे इकडे शहरात नकली मातीची घरं उभी राहताहेत आणि तिकडे खरी ढासळताहेत, काय म्हणावं याला.

आता चांगली बातमी, ओके ओविंगे नावाच्या प्वेब्लोने, पूर्वी सॅन हुआन म्हणायचे, आपल्या जुन्या चौकाभोवतीची घरं परत दुरुस्त करून राहती केली. नुसता देखावा नाही, आत स्वयंपाकघर, बाथरूम, हीटिंग सगळं. घरं लहान असल्यामुळे काही ठिकाणी दोन-तीन जुन्या खोल्या जोडून एक कुटुंब राहील असं केलं. निर्णय गावातल्या लोकांनी घेतले, कुठे माती, कुठे नवीन साहित्य. मला हे सगळ्यात आवडलं कारण प्वेब्लो लोकांनी कायम जुनंच जपत बसायचं अशी अपेक्षा का ठेवायची. त्यांनी स्पॅनिश वीट घेतली, काच घेतली, कुणी सिमेंटचे ठोकळे घेतले. प्रभाव एकाच दिशेने वाहतो असं थोडीच आहे.

---

उंटावरचा_शहाणा

चांदणवेल, मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. नुसती नक्कल झाली आणि प्वेब्लोंना काहीच मिळालं नाही असं चित्र रंगवू नका. क्रिस्टो रे सारख्या इमारती आणि ती दुरुस्तीची कामं झाली नसती तर साचे, मिश्रण, गवंडी हे सगळं १९५० पर्यंत संपलं असतं असं माझं मत आहे. १९३० च्या दशकात मंदीत बेकार पोरांच्या सरकारी तुकड्यांनी सांता फे मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसचं कार्यालय बांधलं, कच्च्या विटांचं, प्रचंड मोठं, १९३९ ला पुरं झालं. त्यात शिकलेल्यांनी पुढे घरं बांधली. प्रवाह बारीक झाला पण तुटला नाही.

---

चांदणवेल

गवंडी टिकले हे मान्य. पण कुणाचे टिकले? शहरात आज खऱ्या मातीचं घर ही श्रीमंतांची चीज आहे. माती फुकट, मजुरी महाग. एका विटेचं वजन १४-१५ किलो, ती पाडायची, उलटवायची, वाळवायची, रचायची, सगळं माणसाने. ज्यांच्या आज्यांनी हे शिकवलं ते लोक ट्रेलरमध्ये (चाकांवरच्या तयार घरांत) राहतात. यावर तुमचं काही म्हणणं असेल तर ऐकायला आवडेल.

---

उंटावरचा_शहाणा

यावर म्हणणं नाही. बरोबर आहे.

---

गिलावा

भांडण मिटलं असेल तर मी थोडं थंडी-उन्हाचं लिहितो, कारण कुणीतरी येऊन लिहिणारच की मातीचं घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार. अर्धं खरं आहे. माती इन्सुलेशन म्हणून वाईट आहे, तिकडची नेहमीची वीट १० बाय १४ बाय ४ इंच, १४ इंच जाडीच्या भिंतीचा आर-व्हॅल्यू (उष्णता अडवायची क्षमता) पाचच्याही आत, लाकडी सांगाड्यात फायबरग्लास भरलेली पातळ भिंत त्याच्या तिप्पट चांगली. मातीचं बळ दुसरं आहे, ती उष्णता साठवते आणि उशिरा सोडते. सांता फे सात हजार फुटांवर, दिवस-रात्रीच्या तापमानात १५ डिग्रीच्या आसपास फरक, हवा कोरडी. दुपारचं ऊन भिंतीत शिरतं आणि आतपर्यंत पोचेपर्यंत रात्र होते, तेव्हा ते हवंच असतं. रात्रीची थंडी दुसऱ्या दिवशी दुपारी आत पोचते. पण कडक हिवाळ्यात आठवडाभर ऊन नाही तर ती भिंत तुमची ऊब पिऊन बाहेर टाकत बसते. दक्षिणेचं ऊन पकडलं तरच हिशोब जमतो, आणि हे अकोमावाल्यांना कळत होतं, वर लिहिलंच आहे.

मला यातच खरा टिकलेला प्रभाव दिसतो. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा सांता फे सौर घरांचं केंद्र झालं, दक्षिणेला काच, मागे मातीची जाड भिंत, उत्तर बंद. रंगारूपाने ती घरं प्वेब्लोसारखी दिसतातच असं नाही, डोकं मात्र तेच. अल्बुकर्कीला आर्किटेक्ट ॲन्टोइन प्रेडॉकने ला लुझ नावाची वसाहत केली, १९६७ पासून पुढे, कच्च्या विटांची, घरं एकमेकांना चिकटून, वाऱ्याकडे पाठ आणि मोकळी जमीन सगळ्यांची सामायिक. सजावटीचे वासे नाहीत, खोटे गोल कोपरे नाहीत. माझ्या दृष्टीने ते त्या मोठ्या हॉटेलपेक्षा टाओसच्या जास्त जवळ आहे.

आणि उलट बाजूनेही प्रयोग झाले. हसन फथी, इजिप्तचे आर्किटेक्ट, ते १९८१ च्या सुमाराला न्यू मेक्सिकोतल्या अबिक्यू गावाला आले, न्युबियन गवंडी बरोबर घेऊन, आणि लाकूड न वापरता कच्च्या विटांचे घुमट आणि कमानी कशा उभ्या करायच्या ते दाखवत तिथे मशीद बांधली, दार अल इस्लाम. म्हणजे जी वीट मूर लोकांकडून स्पेनमार्गे आली ती चारशे वर्षांनी पलीकडच्या बाजूने परत भेटली. तरी तिकडच्या लोकांनी घुमट काही उचलले नाहीत, वासे आणि धाबंच चालू ठेवलं.

नियमांचं म्हणाल तर न्यू मेक्सिकोत मातीच्या बांधकामाचा स्वतंत्र कोड आहे, विटेला सरासरी ३०० पीएसआय (म्हणजे चौरस इंचाला ३०० पौंड) दाबाची ताकद हवी वगैरे. अमेरिकेत बाकी बहुतेक ठिकाणी मातीचं घर बांधायचं म्हटलं की इंजिनियर हात वर करतो, इथे सरकारी पुस्तकात लिहिलेलं आहे कसं बांधायचं ते. ही लहान गोष्ट नाही.

---

रेघोट्या

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एकच शेवटचं विचारतो, पुढच्या वर्षी परत जायचं घाटतंय. रस्त्याने चालता चालता खरी मातीची इमारत आणि नकली कशी ओळखायची, काही खुणा?

---

कोरडवाहू

पहिल्यांदा खिडकी बघा. खरी मातीची भिंत जाड असते त्यामुळे काच खोल आत बसलेली दिसते, खिडकीच्या फळीवर मांजर आडवं झोपेल एवढी जागा. नकली भिंतीत काच जवळजवळ बाहेरच्या पातळीला. पण चांगले आर्किटेक्ट पैसे असतील तर दुहेरी सांगाडा करून ती जाडीही खोटी करतात, तेव्हा यावरच थांबू नका.

मग वासे. बाहेर दिसणारी टोकं आत छतात त्याच जागी आणि तेवढीच दिसतात का बघा. बाहेर टोकं आणि आत सपाट जिप्सम बोर्ड असेल तर ती टोकं नुसती भिंतीला बोल्ट मारून लावलेली. तसंच पन्हळी, खऱ्या असतील तर त्यांच्या खाली जमिनीवर दगड टाकलेले असतात किंवा खड्डा पडलेला असतो, पाणी पडतं ना तिथे.

जमिनीलगतचा भाग वाकून बघा. मातीच्या भिंतीचा तळ थोडा फुगलेला नाहीतर खाल्लेला असतो, मधूनच पेंढ्याचे तुकडे चमकतात. सिमेंटवर कोपऱ्यांतून सरळ रेषेत तडे दिसतात, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपे निघालेले. भिंतीवर टकटक करून बघायला हरकत नाही पण आधी आजूबाजूला बघा, लोकांचं घर असतं.

आणि टाओस प्वेब्लोला परत जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, हिवाळ्याच्या शेवटी काही आठवडे आणि धार्मिक कार्यक्रमांच्या वेळी तो बाहेरच्यांसाठी बंद असतो. आत गेल्यावर घराचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि भिंतींना टेकू नका, लिंपणारे वैतागतात.